राजगड-तोरणा-रायगड, तीन दिवस: १६ किलोची सॅक निम्म्यावर कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरअखेर चौघं मित्र राजगड-तोरणा-रायगड करतायत, तीन दिवस दोन रात्री, एकदिवसाचे ट्रेक बरेच झालेत पण रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेने एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर सलग चालत जाणं, पहिलाच. सॅक भरून काट्यावर ठेवली तर पाणी सोडून १६.२ किलो आणि स्वतःचं वजन ६२. मग व्हिडिओ बघून असं ठरलंय की एक किलोचा महागडा अल्ट्रालाइट तंबू आणि हलकी सॅक घ्यावी, तर घ्यावी का?

नको घेऊस. निदान या ट्रेकसाठी तरी नको.

जे व्हिडिओ तू बघतोयस ते बहुतेक अमेरिकेतल्या लांब वाटांचे असतात. तिथे चार-पाच दिवस मधे गाव नाही, रात्री पाऊस किंवा बर्फ, काही ठिकाणी अस्वलापासून जेवण वाचवायला वेगळा कडक डबासुद्धा न्यावा लागतो. पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी ओढ्यातून गाळून घेता येतं, म्हणून ती मंडळी तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅग या तीन गोष्टींवर पैसे ओततात आणि त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे डिसेंबरात उलटं असतं. पाऊस नाही, दर दिवशी एखादी वाडी नाहीतर गाव लागतं, रात्री डोक्यावर देऊळ नाहीतर कुणाची ओसरी मिळते, पण डोंगराच्या धारेवर सहा-सहा तास पाण्याचा थेंब नसतो. त्यामुळे सह्याद्रीत सॅकेचं वजन ठरतं ते पाणी कुठे आहे आणि जेवण कुठे मिळणार याच्या माहितीवर. दोन फोन आणि नकाशाबरोबर घालवलेला एक तास यात जेवढं वजन उतरतं तेवढं पंचवीस हजारांच्या तंबूनेही उतरत नाही, आणि हे मी वीसेक वर्षं रेंज ट्रेक करून, त्यातली पहिली चार-पाच वर्षं गाढवासारखं ओझं वाहून सांगतोय.

माझा पहिला रेंज ट्रेक कसा होता ते ऐक. आम्ही पाच जण, सोबत पितळी रॉकेलचा स्टोव्ह, रॉकेलची बाटली (ती गळली, पोह्यांना दोन दिवस तो वास), तीन लिटरचा कुकर, दोन किलो बटाटे आणि एक किलो कांदे. बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे आम्ही पाणीच वाहत होतो आणि ते पिताही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नाळेने, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीने, कोकणात उतरताना माझी सॅक प्रत्येक उडीला मागून ढकलत होती, घसाऱ्यावर (सुट्या दगड-मातीच्या उतारावर) दोनदा बसलो, आणि खाली गावात पोचेपर्यंत उजवा गुडघा इतका सुजला की पुढचा किल्ला मी फक्त खालून बघितला. जड सॅकेचा त्रास चढताना फार होत नाही, दम लागतो, थांबतो, परत चालतो. खरा त्रास उतरताना असतो. तुझ्या ट्रेकला सिंगापूर नाळेची उतराई तिसऱ्या दिवशी आहे, पाय आधीच दोन दिवस वापरलेले असणार, हे डोक्यात ठेवूनच सॅक भरायची.

आता वाट डोळ्यासमोर आण, कारण त्याशिवाय काय काढायचं ते कळणार नाही.

पहिला दिवस: पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगड, पद्मावती माचीवर (माची म्हणजे गडमाथ्याखालची सपाटी) थोडं थांबून पाणी भरून घ्यायचं, मग संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून खाली उतरून धारेधारेने तोरण्याकडे. मधे खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, सुट्टीच्या दिवशी तिथे कधी ताक-लिंबूसरबत विकणारं कुणी बसलेलं असतं पण त्याच्या भरवशावर जायचं नाही. नंतर बुधला माचीची चढाई, शेवटचा कातळटप्पा, आणि वर मेंगाई देवीच्या देवळापाशी मुक्काम. राजगड सोडल्यापासून तोरण्याच्या टाक्यांपर्यंत (कातळात खोदलेल्या हौदांपर्यंत) पाणी नाही असं धरूनच चालायचं, ऊन डोक्यावर आणि धारेवर झाड जवळपास नाही. इथे माणशी तीन लिटर लागतं, म्हणजे तीन किलो. यात कंजूषपणा करायचा नाही, हे वजन हक्काचं आहे. दुसऱ्या दिवशी तोरण्यावरून पलीकडे उतरून हारपुडकडून मोहरी गावाला, मधे वाड्या-वस्त्या आहेत, तिथे विचारून पाणी भरता येतं, दोन लिटर पुरतं. तिसऱ्या दिवशी मोहरी, सिंगापूर गाव, तिथली नाळ उतरून दापोली, तिथून वारंगीकडून रायगडाचा पायथा. (हे दापोली म्हणजे रत्नागिरीतलं नव्हे, आमच्यातला एक जण गुगलवर ते बघून घाबरला होता.) नाळ उतरायला लागण्याआधी दोन लिटर, खाली गाव आलं की परत भर.

म्हणजे चार लिटरच्या बाटल्या तिन्ही दिवस डबडबून न्यायची गरज फक्त तुझ्या मनात आहे. पाण्यापाशी पोचलास की आधी पोटभर पी, अर्धा-पाऊण लिटर तिथल्या तिथे, मग पुढच्या टप्प्यापुरतं भर. आणि त्या स्टीलच्या दोन बाटल्या घरी ठेव, एकेक रिकामी बाटलीच तीन-साडेतीनशे ग्रॅम भरते. साध्या एक लिटरच्या पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या तीन घे, प्रत्येकी तीसेक ग्रॅम भरते, ट्रेकभर पुरतात, फक्त परत घरी आणायच्या, गडावर टाकायच्या नाहीत. टाक्याचं पाणी पंचाच्या दुहेरी घडीतून गाळ आणि क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांब. काही जण टाक्याचं पाणी तसंच पितात आणि काही होत नाही म्हणतात, मलाही दहा वर्षं काही झालं नव्हतं, अकराव्या वर्षी झालं.

आता तुझी यादी. सॅक २.२, तंबू २.८, स्लीपिंग बॅग १.७, कॅरीमॅट ०.४, कपडे २.६, टॉवेल-चपला-साबण वगैरे १.१, स्टोव्ह-दोन गॅस कॅन-पातेलं १.४, जेवण २.६, मोबाईल-पॉवर बँक-स्पीकर १.०, औषधं आणि टॉर्च ०.४.

तंबू काढ. २.८ किलो एका झटक्यात गेले. दोन्ही रात्री छप्पर मिळण्याची शक्यता भरपूर आहे, पहिली देवळात आणि दुसरी मोहरीत कुणाच्या घरी. पण दोन गोष्टी आधी कर: गडांवरच्या मुक्कामाचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात कुणाला तरी फोन करून विचार, आणि डिसेंबरअखेर म्हणजे गर्दी, देऊळ भरलेलं असू शकतं. त्यासाठी चौघांत मिळून एकच ताडपत्री घे, पातळ निळी, बारा बाय नऊची. खाली अंथरायला, दंव पडलं तर अंगावरून ओढायला, जेवायला बसायला, सगळ्याला चालते. डिसेंबरात उघड्यावर झोपायची भीती पावसाची नसते, दंवाची आणि वाऱ्याची असते. भिंतीच्या आडोशाला झोपलं की निम्मी थंडी कमी होते.

स्लीपिंग बॅग राहू दे. १.७ जरा जड आहे, पण वर रात्री पारा आठ-दहा अंशांवर येऊ शकतो आणि वारा वेगळा. दिवसभर घामाने भिजलेलं अंग रात्री कसं गारठतं ते मी एकदा अनुभवलंय. एका वर्षी हलकं व्हायच्या नादात फक्त चादर घेऊन गेलो होतो, पहाटे तीनला उठून रिकाम्या सॅकेत कमरेपर्यंत पाय घालून बसलो, वर मित्राची ताडपत्री, आणि सूर्य उगवायची वाट बघत सगळी आरत्या-स्तोत्रं म्हणून झाली. तेव्हापासून झोपेच्या सामानाला कात्री लावत नाही. कॅरीमॅटही तशीच ठेव, कातळाची फरशी खालून थंडी ओढते, वरून कितीही पांघरलं तरी.

कपडे २.६ किलो हे वाचून मी चहा खाली ठेवला. जीन्स कशाला रे? सुकी असतानाच सातशे ग्रॅम, भिजली की दीड किलो आणि मांड्या सोलून निघतात. चालायचा एक सेट अंगावर, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट आणि सुकणारी पँट (कारवीच्या रानातून आणि गवतातून जाताना पूर्ण बाह्यांची किंमत कळते). झोपायचा एक सेट सॅकेत, तो काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही, कोरडाच ठेवायचा. एक फ्लीस, एक पातळ वारा अडवणारं जॅकेट, माकडटोपी, मोज्यांचे दोन जादा जोड, आतले कपडे. बस. माकडटोपीवर हसू नकोस, ऐंशी ग्रॅमची वस्तू आहे आणि अर्ध्या किलोच्या जॅकेटचं काम करते. सगळं मिळून १.२ किलोच्या आत बसतं, मी घरी मोजलंय.

टर्किशचा टॉवेल घरी, एक सुती पंचा घे. पाणी गाळायला, तोंड पुसायला, उन्हात डोक्याला बांधायला, गरम पातेलं धरायला, पाय मुरगळला तर बांधायला. धनगराच्या घोंगडीकडे बघ, दोन किलोची जड वस्तू आहे पण पांघरायला तीच, अंथरायला तीच, पावसात खोळ तीच, म्हणून त्याच्याकडे दुसरं फारसं काही नसतंच. आपलं हलकं होणं म्हणजे हेच, वस्तू हलकी पाहिजे असं नाही, एका वस्तूने चार वस्तू घरी ठेवल्या पाहिजेत. साबण, शाम्पू, फेसवॉश नको, ब्रश आणि पेस्टची संपत आलेली ट्यूब पुरे. डिओ तर अजिबात नको, आणि हे वजनासाठी सांगत नाहीये. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने आणि धुराने माश्या बिथरतात, तिथे पळायलाही जागा नसते. चपला तुला मुक्कामावर हव्याच असतील तर साध्या रबरी स्लीपर घे, नाहीतर बुटाच्या लेस सैल करून फिर. मी नेत नाही. तर १.१ चे ०.२ झाले.

स्वयंपाकाच्या सामानात चौघांनी घोळ घातलाय असा मला दाट संशय आहे, कारण तू एकट्यानेच स्टोव्ह आणि दोन कॅन लिहिलेत. बाकीच्या तिघांना विचार, त्यांच्याही सॅकेत एकेक स्टोव्ह निघेल. हे प्रत्येक ग्रुपमध्ये होतं, चार टॉर्च पाहिजेतच पण चार चाकू, चार मिठाच्या पुड्या, चार ओडोमॉस कशाला? निघायच्या आदल्या संध्याकाळी एकाच्या घरी जमा, सगळ्यांनी सगळं सामान जमिनीवर ओता आणि दुहेरी-तिहेरी झालेलं बाजूला काढा. या एका संध्याकाळी माणशी दीड-दोन किलो उतरलेले मी दरवेळी बघतो. एक स्टोव्ह, २३० ग्रॅमचा एक कॅन, एक ॲल्युमिनियमचं पातेलं झाकणासकट, चार हलके मग, ताटं नकोत. आमच्या चौघांचा तीन दिवसांचा चहा आणि एका रात्रीचं जेवण एवढ्यात होतं, फक्त स्टोव्हला वारा लागू द्यायचा नाही, तीन दगड आणि कॅरीमॅटचा आडोसा (लांबून! जवळ धरून एकाने जाळलीये). तुझ्या वाट्याला यातलं चारशे ग्रॅम.

आता जेवण, इथे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

दुसऱ्या रात्रीचं जेवण आणि तिसऱ्या सकाळचा नाश्ता मोहरीत सांगून ठेव. आधी फोन, किती माणसं, किती वाजता पोचणार, आणि उशीर झाला तरी येणार हे नक्की सांग. पिठलं-भाकरी, ठेचा, भात मिळतो, पोटाला त्याच्याइतकं दुसरं काही बरं वाटत नाही. पैसे मागतील तेवढे दे, घासाघीस करू नकोस, ते धान्य त्या माणसांनी घाट चढवून आणलेलं असतं. आणि सांगून मग न जाणं हा प्रकार करू नकोस, त्याने पुढच्या ग्रुपची वाट बंद होते.

म्हणजे स्वतःचं फक्त पहिल्या रात्रीचं जेवण आणि दिवसाचं चरणं उरलं. रात्रीसाठी डाळ-तांदूळ नको, डाळ शिजेपर्यंत निम्मा कॅन संपतो आणि पाणी लागतं ते वेगळंच. घरून भाजलेलं बेसन घे, त्यात तिखट-मीठ-हळद-जिरं आणि सुकवलेला लसूण आधीच मिसळून, उकळत्या पाण्यात ढवळलं की पाच मिनिटांत पिठलं, सोबत घरच्या दशम्या नाहीतर धपाटे, पहिल्या दिवशी ते ताजेच असतात. किंवा तांदळाची कणी आणि मेथकूट, कणी लवकर शिजते, वरून तूप. तूप छोट्या बाटलीत नक्की घे, वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त ताकद त्यातच आहे, शंभर ग्रॅमला नऊशे कॅलरीच्या आसपास. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, गूळ पावणेचारशेच्या आसपास. याउलट सफरचंद शंभर ग्रॅमला पन्नासेक. तुझ्या यादीत सहा सफरचंदं आहेत, ती गुंजवण्याच्या एसटीत खाऊन टाका.

दिवसभरासाठी दाण्याचे लाडू, खजूर, चिक्की, भडंग किंवा पातळ पोह्यांचा चिवडा, आणि काहीतरी आंबट-खारट, कारण उन्हात गोडाचा वीट येतो. लिंबं चार, मीठ-साखरेची पुडी, ओआरएसची दोन पाकिटं. दुसऱ्या सकाळी पातळ पोहे भिजवून दूध पावडर आणि साखर. पुठ्ठ्याची खोकी, काचेच्या बरण्या, चकचकीत पाकिटं घरीच फोडून सगळं साध्या पिशव्यांत दिवसाप्रमाणे बांध, पहिला दिवस एक पिशवी, दुसरा दुसरी. आई शेवटच्या क्षणी लाडवांचा स्टीलचा डबा देईल. लाडू घे, डबा प्रेमाने परत दे. माझी आई चोरून सॅकेच्या तळाशी ठेवायची आणि मला तो तोरण्यावर सापडायचा. माणशी दीड किलोत भरपेट जेवण बसतं.

स्पीकर काढ. गडावर स्पीकर लावणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही. २०,००० एमएएचवाली पॉवर बँक चौघांत एक पुरे, फोन दिवसभर फ्लाइट मोडवर, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवलेला. बऱ्याच टप्प्यात रेंज नसते आणि फोन ती शोधत बसला की बॅटरी दुपारीच झोपते.

सॅक नवी घेऊ नकोस, कुणाची तरी ४५-५० लिटरची दीड किलोवाली उसनी माग. ६० लिटरची असली की माणूस साठ लिटर भरतोच, रिकामी जागा बघवत नाही आपल्याला.

हिशोब कर आता. १६.२ मधून तंबूचे २.८, कपड्यांचे १.४, टॉवेल-चपलांचे ०.९, स्वयंपाकाचे १.०, जेवणाचे १.१, स्पीकर वगैरे ०.५ आणि सॅकेचे ०.७ गेले, राहिले ७.८. त्यात ग्रुपच्या सामानातला तुझा वाटा, ताडपत्री किंवा पंधरा मीटर दोर, अर्धा किलो धर. सव्वाआठ-साडेआठ किलो. पहिल्या दिवशी तीन लिटर पाणी धरून साडेअकराच्या आत, तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या खाली. खर्च एका ताडपत्रीचा आणि तीन बाटल्यांचा.

ज्याला हात लावायचा नाही ते पण सांगतो. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी, जादा सेलसकट, मोबाईलचा टॉर्च म्हणजे टॉर्च नव्हे, नाळेत दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, ताप-जुलाब-ॲलर्जीच्या गोळ्या, स्वतःची चालू असलेली औषधं दोन वेगळ्या सॅकेत थोडी थोडी. साप चावला तर कापणं-चोखणं-आवळून बांधणं काही करायचं नाही, तो भाग न हलवता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं, त्यामुळे त्यासाठी कसलंही किट विकत घेऊ नकोस. आणि बूट. बुटांवर पैसे घाल हवं तर, पण महाग म्हणजे चांगले असं नाही, सह्याद्रीच्या कोरड्या घसाऱ्यावर तळ पकडला पाहिजे, आणि किमान तीन-चार ट्रेक पायात मुरलेले पाहिजेत. नवे कोरे बूट घालून रेंज ट्रेकला आलेल्याला आम्ही घरी पाठवतो.

भरायची पद्धत: स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि जेवण पाठीला चिकटून मधे, कपडे बाहेरच्या बाजूला फटी बुजवायला, टॉर्च आणि जॅकेट वर. आत आधी एक मोठी कचऱ्याची पिशवी घाल, दंव आणि फुटलेली बाटली दोन्हींपासून वाचतं. बाहेर काहीही लटकवायचं नाही, मग, चपला, कॅरीमॅट आडवी, काही नाही. बुधला माचीच्या कातळटप्प्यावर लटकणारा मग आधी खडकात अडकतो, मग तू. कंबरेचा पट्टा घट्ट, वजन खुब्यावर यायला हवं, खांद्यावर नाही. आणि निघायच्या आठवड्यात एकदा हीच भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढून उतर, काय टोचतंय, काय हलतंय, ते घरीच कळेल.

एक चैन मात्र ठेव. एक धुतलेला टी-शर्ट, वेगळ्या पिशवीत, तळाशी. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडहून महाड आणि महाडहून पुण्याची एसटी पकडाल तेव्हा घाल, शेजारी बसणाऱ्याने काही तुझं घोडं मारलेलं नाही.